बोलता येईल इतकंच

"व्यायाम सुरू करायला लागेल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझा नवरा हसला. नुसता नाही, चांगला मांडीवर थाप मारून हसला. छप्पन्न वर्षांचा माणूस, दोन्ही कान कुस्तीत मोडून फुगलेले, मान खांद्यात रुतलेली. मी ह्यांना पैलवानच म्हणते. लग्नाआधी गडमुडशिंगीत सगळं गाव म्हणायचं, मग मी वेगळं नाव कुठनं आणू?

"बाई, जल्मभर दुसरं काय केलंय मी?" पैलवान म्हणाले. "तालमीत असताना सकाळी पाचशे जोर मारायचो. आजबी शंभर-दीडशे मारतो की."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वयानं आमच्या लेकीएवढ्या असतील, पण त्यांनी समोरचा कागद आमच्याकडं फिरवला आणि पेनानं एक रेघ दाखवली. हृदयाची भिंत जाड झाली होती. जोर मारताना, वजन उचलताना श्वास कोंडला जातो, रक्तदाब एकदम चढतो, आणि आता ह्या हृदयाला तो चढ सोसायचा नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. एखादी नळी बारीक झाली असावी असाही संशय होता. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, मग फिरत्या पट्ट्यावर चालवून पुन्हा तपासायचं, तोवर सपाटीवर रोज चाळीस मिनिटं झपाझप चालायचं. किंवा पोहायचं, किंवा सायकल, किंवा ते एरोबिक्स. काय जमेल ते निवडा म्हणाल्या. चढ मात्र चढायचा नाही.

"झपाझप म्हणजे किती?" मी विचारलं. कचेरीत टेबलामागं बसून माझीही हाडं गंजलेलीच, म्हटलं आपल्यालाही कळेल.

"बोलता येईल इतकं. गाणं म्हणता येऊ नये, पण बोलता आलं पाहिजे. बोलणं मधेच तुटायला लागलं की थांबायचं. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वाटलं तर तिथल्या तिथं बसायचं." मग त्या माझ्याकडं वळल्या. "हे स्वतःहून सांगतील असं वाटत नाही मला. तुम्ही बरोबर जा. ह्यांना बोलतं ठेवायचं, ही जबाबदारी तुमची."

मला बोलायला सांगायचं! आमच्या कचेरीत म्हणतात, वीज गेली की पंखा बंद पडतो, ही बाई काही बंद पडत नाही. मी तिथंच छाती ठोकून हो म्हटलं. आज ते हो आठवलं की जीभ टाळ्याला चिकटते.

आधी आम्ही एरोबिक्स निवडलं. आमच्या गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय आहे, लग्नं नसतात तेव्हा तिथं संध्याकाळी वर्ग भरतो. मोठा कर्णा, धडाधडा वाजणारी गाणी, पुढं उड्या मारणारी एक काटकुळी शिक्षिका आणि मागं आम्ही वीसेक बायका. पैलवान शेवटच्या रांगेत खांबाआड उभे राहिले. शिक्षिका म्हणाली, हात वर, टाळी, एक पाऊल उजवीकडं. पैलवानांनी पाऊल टाकलं ते कुस्तीचं, गुडघ्यात वाकून, समोरच्याच्या पायावर नजर ठेवून. त्यांच्या पुढं उभ्या असलेल्या सोनारीणबाई मागं वळून बघतात तर हा गडी आता पाय धरून पट काढतोय की काय अशा पवित्र्यात. बाई किंचाळल्याच. "हसा, हसा, चेहऱ्यावर हसू पाहिजे!" असं शिक्षिका कर्ण्यातनं ओरडत होती आणि पैलवानांचा चेहरा दगड.

घरी आल्यावर म्हणाले, "त्यापरास मला म्हशीसंगट पाण्यात सोड."

मग जावेकडनं जाग्यावर फिरवायची सायकल आणली. आठवड्यात तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. पोहायला जायला ते तयार होते, खरं त्यांचं पोहणं म्हणजे उंचावरनं विहिरीत उडी मारणं, त्यात व्यायाम कमी आणि आरडाओरडा जास्त. राहता राहिला रंकाळा, तळ्याभोवतीचा सपाट रस्ता.

"रंकाळ्याला म्हातारी माणसं फिरत्यात," पैलवान म्हणाले.

"मग तुम्ही कोण हाय? नवरदेव?"

शेवटी तडजोड झाली. उजाडताना जायचं, तालमीतलं कुणी बघायच्या आत परत यायचं. मी त्यांना नवे कॅनव्हासचे बूट आणले. ते त्यांनी असे उचलून बघितले की जणू मी बांगड्या आणल्यात.

पहिल्याच दिवशी मला कळलं की माझी जबाबदारी वाटली तितकी सोपी नाही. मी बोलत होते, ढीग बोलत होते. पैलवान "हं" म्हणत होते. तोंड मिटलेलं, नाकातनं "हं". भाजी काय करू? हं. लेकीचा फोन आलता काल. हं. तुमच्या पेंडीच्या दुकानाला आग लागली. हं.

"अवं, तोंड उघडून बोला की! बाई काय म्हणाल्या?"

त्यांनी चालणं थांबवलं आणि मग बोलले. थांबूनच बोलले. "वस्तादानं शिकवलंय. मेहनत करताना त्वांड उघडायचं न्हाय. त्वांड उघडलं की दम गेला."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या तालमीत नियमच होता. जोर मारणारा मोजायचा नाही, मोजणारा वेगळा. मारणाऱ्यानं तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायचा. एखाद्यानं तोंड वासलं तर वस्ताद पाठीत काठी घालायचे. आखाड्यात समोरच्याचं तोंड उघडं पडलं की ओळखायचं, हा संपला, आता घे ह्याला खाली. वीस वर्षं हेच केलेला माणूस. दमलोय हे लपवणं हाच त्याचा अर्धा व्यायाम. आणि मला बघायचं होतं की तो दमलाय का.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला वाटलं, "हं" तर म्हणतोय, हुंकार देतोय, म्हणजे श्वास आहे. कचेरीत आम्ही नाही का, कागद आला की पोच म्हणून शिक्का मारतो. आत काय लिहिलंय कोण वाचतंय? तसा मी रोज त्यांच्या "हं"वर शिक्का मारत राहिले.

एक महिना बरा गेला. पोट थोडं उतरलं. मलाही चटक लागली. पाण्यावर धुकं असायचं, पलीकडची झाडं अर्धीच दिसायची, आमच्यासारखी माणसं जोडीजोडीनं झपाझप जायची. मग दुसऱ्या महिन्यात पैलवानांना पक्षी दिसायला लागले.

संध्यामठाच्या अलीकडं पाण्यात जलपर्णीचं केंदाळ माजलेलं असतं. तिथं आलो की ते थांबायचे आणि बोट करायचे. "ती बग, पाणकोंबडी." निळी-जांभळी, लाल चोचीची कोंबडी केंदाळातनं टांगा टाकत जायची. ते बघत राहायचे, मीही बघायचे. मग पुढं चालायला लागायचे. दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशी तिथं आणि पुढं उद्यानाच्या फाटकाजवळही, "तो बगळा बग कसा हुबा ऱ्हायलाय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तीस वर्षांत ह्या माणसानं मला चंद्र दाखवला नव्हता. महाबळेश्वरला नेलं तर तिथं म्हशी का दिसत नाहीत म्हणून विचारत होता. आता उतारवयात का होईना, माणूस हळवा होतोय, फिरण्यानं मन मोकळं होतंय असं मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं. "आमचे पैलवान आता पक्षी बघतात," असं मी सांगितलं. ती वाक्यं मला शब्दन्‌शब्द आठवतात आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एकदा पाणकोंबडी दाखवताना त्यांनी डावा हात दुसऱ्या हातानं दाबला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, रात्री अंगाखाली आलता. जेवताना चौथी भाकरी नको म्हणायला लागले. मी म्हटलं, छान, आहार कमी झाला. जे दिसेल त्याचा चांगलाच अर्थ लावायचा असं मी ठरवूनच टाकलं होतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटाला, पुन्हा तपासणीला आठ दिवस राहिले असताना, बुधवारी मी कपडे भिजवले. ह्यांची बनियन बादलीत घातली आणि पाणी लाल झालं. मी बघतच राहिले. मग बनियन उचलून वास घेतला. तेल, ताक, हळद. आखाड्यातली माती. वासानं ओळखली मी, लग्नानंतर पहिली दहा वर्षं हाच वास धुतलाय मी.

ते दुकानातनं आले तेव्हा मी बादली दारात ठेवली होती. पैलवानांनी बघितलं. खाली मान घातली, चोरून पेढा खाताना सापडल्यागत.

"किती दिवस?"

"रोज न्हाय. दोन-चारदा."

"जोर?"

"पन्नासच. अगं, अंग आंबून गेलंय त्या चालण्यानं. त्यात मेहनत कुठली? तालमीतली पोरं ईचारत्यात, वस्ताद, येत का न्हाईसा? काय सांगू? बायकोसंगट तळ्याभवती फिरतोय म्हणून सांगू व्हय?"

मी भांडले. गल्लीला ऐकू जाईल असं भांडले. मरायचंय तर मरा, असं मी म्हणाले. हो, असंच म्हणाले, त्यात एक अक्षर बदलून सांगणार नाही. आणि मग अबोला धरला.

अबोला हे माझं जुनं हत्यार. माझा दांडगा आवाज ह्यांना सोसतो, माझा अबोला सोसत नाही. आवाज चढवला तर तेही चढवतात, पण मी गप बसले की ह्या माणसाचे हातपाय गळतात. दोन दिवसांत लोटांगण घालतो. भांडी आदळायची, ताट समोर सरकवायचं, नजर वळवायची. पहिला शब्द त्यांनी बोलायचा आणि तोही चुकलं असा, तोवर माझी कडी निघायची नाही. हा आमच्या घरचा कायदा.

गुरुवारी सकाळी रंकाळ्यावर आम्ही एकमेकांशी एक शब्द न बोलता चाललो. शुक्रवारी तसंच. शनिवारी तसंच. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी मनात म्हटलं, ह्यांनाच पडली नाही तर मला काय पडलीय? पाणकोंबडीपाशी ते थांबले, खरं बोट केलं नाही. मी न थांबता पुढं गेले. थोड्या वेळानं मागनं आले. मला वाटलं, अबोल्यानं कसा सरळ झालाय. आता वाटतं, ते तीन दिवस त्यांना बरंच पडलं असेल. कुणी काही विचारत नव्हतं. तोंड मिटून ठेवायला त्यांना मोकळीक मिळाली होती.

शनिवारी संध्याकाळी जेवताना पैलवान भिंतीला म्हणाले, "उद्या रविवार. जोतिबाला जाऊन येतो. पायऱ्यांनी चढून."

अबोल्यात असंच बोलतात, भिंतीशी नाहीतर मांजराशी. मी भाकरी थापत होते. चढ चढायचा नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तपासणी गुरुवारी होती, पाच दिवसांवर. पण बोलले असते तर मी हरले असते. तवा जरा जोरात आपटला, एवढंच. आणि मनाची समजूत घातली की, देवाला निघालेल्या माणसाला आडवं कसं जायचं? देवाचं नुसतं निमित्त. माझा हट्ट होता तो, दुसरं काही नव्हतं.

सकाळी मीही बूट घातले. त्यांनी बघितलं, काही म्हणाले नाहीत. पायथ्याला गाडी लावली आणि पायऱ्यांची जुनी वाट धरली. मी मुद्दाम पुढं झाले. मागनं त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, जड, एकसारखा.

जोतिबाच्या वाटेवर एक रीत आहे. उतरणारी माणसं चढणाऱ्यांना बघून ओरडतात, "जोतिबाच्या नावानं..." आणि चढणाऱ्यांनी उत्तर द्यायचं, "चांगभलं!" ओळख लागत नाही, जातपात लागत नाही. कुणी हाक दिली आणि आपण गप बसलो असं होत नाही. अबोल्यातसुद्धा होत नाही, कारण ते बोलणं देवाशी असतं.

पहिली हाक आली तेव्हा आम्ही फार वर नव्हतो. कपाळभर गुलाल लावलेले तीन-चार गडी उतरत होते. त्यांनी हाक दिली आणि माझ्या मागनं पैलवानांचा आवाज असा निघाला की ते गडी हसून बघायला लागले. "चांगऽऽभलं!" अख्खा डोंगर ऐकेल असा. मला बरं वाटलं. बघा, म्हटलं मनात, घोड्यासारखा आहे, डॉक्टर उगंच घाबरवतात.

मग पायऱ्या उंच झाल्या. ऊन तोंडावर यायला लागलं. पायऱ्यांच्या सांध्यात गुलाल साचलेला होता, माझ्या पांढऱ्या बुटांना लागत होता, आणि उगाच ती बादली डोळ्यांपुढं येत होती. मागचे बूट आता एकसारखे वाजत नव्हते. चार पावलं वाजायची आणि थांबायचे. पुन्हा चार. मी मागं बघितलं नाही. मागं बघणं हेसुद्धा आमच्या कायद्यात हरण्यातच जमा.

दुसरी हाक वळणावर आली. एक म्हातारा-म्हातारी उतरत होते. मी उत्तर दिलं. मागनं नुसतं "...भलं" आलं. पुढचं "चांग" कुठं गेलं कुणास ठाऊक. गळ्यात अडकल्यागत, शेपूट तेवढं बाहेर आलं. मला ते ऐकू आलं. नीट ऐकू आलं. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य ज्या कानात होतं, त्याच कानानं मी ते ऐकलं आणि पुढं चालत राहिले.

तिसऱ्या वेळेला मोठा घोळका आला. हुपरीकडच्या बायका असाव्यात, पायांत नवी कोरी जाडजूड चांदीची पैंजणं, खणखणाट करत उतरत होत्या. त्यांनी सगळ्यांनी मिळून हाक दिली. वाटेवरच्या सगळ्यांनी उत्तर दिलं. मी दिलं. माझ्या मागनं काहीच आलं नाही.

आणि मला काय वाटावं? मला राग आला. माझ्यावरचा राग देवावर काढतोय, म्हटलं. इतका ताठा? मी पाय उचलून भराभर चढायला लागले.

तेवढ्यात मागनं आवाज आला. "अगं... थांब की."

जिंकले! हाच माझ्या मनात आलेला पहिला शब्द आहे. चार दिवसांनी आधी ते बोलले, मी नाही. आणि एवढ्यानं माझं पोट भरलं नाही. म्हटलं, लगेच वळायचं नाही. वाट बघू दे. अकरा पायऱ्या आणखी चढायच्या आणि मग वळायचं. अकराच का, ते विचारू नका. देवाला अकरा नारळांचा नवस बोलतात, तसं काहीतरी डोक्यात आलं असेल. मी त्या मोजल्या. एक, दोन, तीन, सावकाश, ऐटीत. अकरावीवर पाय ठेवला आणि वळले.

पैलवान पायरीवर बसले होते. कुणीतरी वरून खाली ठेवून दिलेल्या पोत्यासारखे. तोंडावर रंग नव्हता, चुलीतल्या राखेसारखं झालं होतं ते. आणि तोंड उघडं होतं. जागेपणी त्यांचं तोंड असं वासलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं ते उघडत होतं, मिटत होतं, आणि आवाज येत नव्हता.

मी खाली कशी आले मला आठवत नाही. बोलायला लागले ते आठवतं. चार दिवसांचं साठलेलं सगळं. "अवं, काय होतंय? कुठं दुखतंय? बोला की. माझ्याशी बोला की ओ!" त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. आत काहीतरी वेड्यासारखं धावत होतं, मधेच ठेचकाळत होतं.

जवळच नारळ-गुलाल विकणारी बाई होती. तिनं स्वतःच्या बुडाखालची प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली. चार अनोळखी गडी धावले. "पावणं, हालू नका, हात ढिलं सोडा," असं म्हणत त्यांनी पैलवानांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. शंभर किलोचं धूड. प्रत्येक दहा-बारा पायऱ्यांना दम घेऊन त्यातला एक जण ओरडायचा, "जोतिबाच्या नावानं," आणि बाकीचे "चांगभलं" म्हणून पुन्हा खुर्ची उचलायचे. दर वेळी पैलवानांचे ओठ हलायचे. मी शेजारनं पळत त्यांच्या ओठांकडं बघत होते. आवाज काही आला नाही.

ते वाचले. हृदयाच्या नळ्यांत दोन ठिकाणी स्प्रिंगा घातल्या. पण हृदयाचा एक भाग गेला तो गेला, तो आता काम करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या दाराबाहेर सांगितलं. पुन्हा असं झालं तर वेळ मिळेल की नाही, सांगता येणार नाही म्हणाल्या. मग आत येऊन त्यांनी पैलवानांना विचारलं, "त्रास कधीपासून होत होता?"

"दोनेक म्हैने."

"चालताना बोलत होता ना?"

मी पलंगाच्या पायाशी उभी होते. मला वाटलं, आता सांगतील. मागचे चार दिवस हिनं अबोला धरलता म्हणतील.

"बोलत हुतो की," पैलवान म्हणाले. आवाज अगदी चिरका, कागदासारखा. "ही काय गप बसू देती व्हय?"

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी तोंड मिटून उभी राहिले.

दुपारी दोघंच असताना मी त्यांना विचारलं, दोन महिने मला कळलं कसं नाही? ते छताकडं बघत होते. म्हणाले, "पाणकोंबडी दाखवायचो की तुला. तू बघत बसायचीस. तवर दम यायचा."

त्याला आता सात-आठ महिने झाले. पट्ट्यावर चालवून तपासलं आणि बाईंनी पुन्हा परवानगी दिली. रंकाळ्याचा सपाट तुकडा, वीस मिनिटं, हळू. तालीम सुटली ती कायमची. पैलवानांनी लंगोट स्वतः धुतला, घडी घातली आणि माळ्यावर ठेवला. मी अबोला माळ्यावर ठेवला. आता भांडण झालं तर आम्ही बोलून भांडतो, रस्त्यात भांडतो. लोक बघतात. बघू देत.

आणि पैलवान बोलतात. वस्तादाची काठी विसरून, तोंड उघडून, सारखे बोलतात. मी मागनं चालते, पुढं जात नाही. ते पाट्या वाचतात, महापालिकेला शिव्या घालतात, बाकड्यांवर बसलेल्यांची कुळं काढतात. एखाद्या क्षणी गप झाले की मी लगेच ढोसते, "बोला की." मग ते चिडून बोटं मोजायला लागतात, एक, दोन, तीन. आमच्या आजूबाजूला फिरणारे आता आम्हाला ओळखतात, हसतात. मला हसू येत नाही. माझे कान त्यांच्या शब्दांच्या मधल्या जागेत असतात. घरी आल्यावर पायांपेक्षा माझे कान दुखतात.

परवा सकाळी ते पेंडीच्या दराबद्दल काहीतरी सांगत होते. केंदाळाजवळ आलो. वाक्य अर्ध्यावर राहिलं. पैलवान थांबले, हात पुढं केला आणि पाण्याकडं बोट दाखवलं.

"ती बग, पाणकोंबडी."

मी पाण्याकडं बघितलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तोंड मिटलेलं होतं, घट्ट, आणि नाकपुड्या फुलत होत्या.

"बसा," मी म्हटलं.

आणि ज्यानं उभ्या जन्मात माझं एक ऐकलं नाही, तो माणूस एका शब्दानं न भांडता खाली बसला.